ट्रॉली प्लायची की पत्र्याची?

घर बांधताना आपल्याकडे सगळ्यात जास्त चर्चा कशावर होते? स्लॅबवर, वास्तुशास्त्रावर आणि समोरच्या ग्रिलच्या डिझाइनवर! स्वयंपाकघराची पाळी येईपर्यंत पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. मग सुतार जे सांगेल ते फायनल. "अठरा एमएमचा प्लाय, वरून सनमायका, वीस वर्षं बघायला नको!"

बारामती-इंदापूर भागात घर बांधायचं म्हणजे बऱ्याच वेळा काही हंगामांचं साठवलेलं उसाचं बिल, नाहीतर दुधाच्या पैशातून फेडायचं कर्ज. असं घर आयुष्यात एकदाच होतं. म्हणून ओट्याखालच्या ट्रॉल्या कशाच्या करायच्या, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

इंदापूर तालुक्यात माझ्या मावशीचं घर रानातच आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. तिने मोठ्या हौसेने प्लायच्या ट्रॉल्या करून घेतल्या होत्या. पाचव्या वर्षी सिंकखालची फळी हाताने दाबली तर ती भिजलेल्या बिस्किटासारखी तुटली. मागे भिंतीवरून मातीच्या रेघा वर चढलेल्या होत्या. वाळवी! दुरुस्तीचे पैसे पुढचं बिल आल्याशिवाय मिळणार नव्हते. तोपर्यंत सगळे डबे आणि भांडी जमिनीवर. पाठीचा त्रास असलेली बाई तीन महिने दिवसातून पन्नास वेळा वाकत होती. हा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

यंदा आमच्या बारामतीच्या घराचं काम निघालं तेव्हा आईने मला सरळ विचारलं, "मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, लाकूड की लोखंड?" व्हायवाला कोणी इतका अवघड प्रश्न विचारत नाही! त्यासाठी जे वाचलं, विचारलं आणि मोजून पाहिलं ते इथे मांडते आहे.

लाकूड बदललं, नाव तेच राहिलं

जुनी माणसं म्हणतात, "आमच्या वाड्यातलं फडताळ शंभर वर्षं टिकलं, त्याला नाही लागली वाळवी." ते खरंच आहे. पण ते फडताळ सागवानाचं होतं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि इतर द्रव्यं असतात, ती वाळवीला आवडत नाहीत. आजचा प्लाय म्हणजे झाडाच्या पातळ सालपट्या काढून, एकाआड एक आडव्या-उभ्या ठेवून गोंदाने चिकटवलेला थर. दोन्हीला आपण 'लाकूड'च म्हणतो, पण वस्तू वेगळ्या आहेत.

प्लायमध्येही प्रकार आहेत. एमआर प्रतीचा प्लाय कोरड्या जागेसाठी असतो. बीडब्ल्यूआर त्याहून बरा. आयएस ७१० हा मरीन प्लाय सगळ्यात वरचा, त्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. शिवाय त्यावर कीड-बुरशीविरोधी प्रक्रियाही केलेली असते. मग अडतं कुठे? साईटवर सुतार प्लाय कापतो तेव्हा आतलं लाकूड उघडं पडतं. वरच्या सनमायक्यातून पाणी जात नाही, पण कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून ते आरामात आत शिरतं. त्यात सिंकचा पाइप थेंब थेंब गळत असला की झालंच. पार्टिकल बोर्डाचं तर बोलायलाच नको. तो भुशापासून किंवा आपल्याच भागातल्या उसाच्या चिपाडापासूनही बनतो, स्वस्त पडतो, पण एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही.

आणि वाळवी? शेतकऱ्याला ती नवीन नाही, लागणीच्या बेण्यालाही ती लागते. जमिनीतून येते, ओलावा शोधते आणि सेल्युलोज खाते. उसाच्या कांडीत सेल्युलोज आहे, प्लायमध्ये आहे, आपल्या जर्नलच्या कागदातही आहे. स्टीलमध्ये नाही. धातूच्या बाजूने पहिला मुद्दा हाच.

एवढासा पत्रा वजन पेलेल का?

लोखंडी कपाट आपल्याला परकं नाही. गोदरेजने १९२३ साली स्टीलची कपाटं काढली आणि पुढे कोणत्याही कंपनीचं असलं तरी त्याला 'गोदरेजचं कपाट' म्हणायची पद्धत पडली. साड्या, दागिने, जमिनीचे कागद सगळं आपण पत्र्याच्या भरवशावर ठेवतो. भांड्यांची मांडणीही स्टीलचीच. मग ट्रॉलीचंच वावडं का?

आता तुम्ही म्हणाल, १८ मिमीचा प्लाय कुठे आणि ०.८ मिमीचा पत्रा कुठे! शंका बरोबर आहे. एक प्रयोग करा. वहीचा कागद एका टोकाला धरा, तो मान टाकतो. आता त्याच्या दोन्ही लांब कडा बोटभर दुमडून उभ्या करा आणि परत धरा. तोच कागद ताठ उभा राहतो. कागद तोच, फक्त घडी पडली.

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण जो मोमेंट ऑफ इनर्शिया पाठ करतो, तो हाच. ५०० मिमी रुंद आणि ०.८ मिमी जाड सपाट पत्र्याचा हा आकडा साधारण २१ येतो (मिमीच्या चौथ्या घातात). दोन्ही कडा २० मिमी खाली वळवल्या की तोच सुमारे ४,३०० होतो. म्हणजे जवळपास २०० पट! वजन मात्र फक्त ८ टक्क्यांनी वाढतं. म्हणून पत्र्याचं काम बघायला गेलात तर आधी जाडी विचारू नका, आधी कडा बघा. कडा नीट दुमडलेली आहे का, फळीच्या खालून मधे पट्टी दिली आहे का, ते बघा. नुसता सपाट पत्रा स्क्रूने मारला असेल तर तो डब्यांच्या वजनाने वाकेल आणि दार लावताना ढोल वाजेल.

गंमत म्हणजे असा पत्रा जड नसतो. एक चौरस मीटर ०.८ मिमी स्टेनलेस स्टीलचं वजन साधारण साडेसहा किलो भरतं, तेवढ्याच १८ मिमी प्लायचं ११ ते १२ किलो.

'स्टील' म्हणजे कोणतं?

खरी फसगत इथे होते. साधं लोखंड गंजतं, कारण पाणी आणि ऑक्सिजन मिळाले की त्याचा ऑक्साइड होतो आणि तो खपल्या होऊन निघतो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याचा अतिशय पातळ ऑक्साइड पृष्ठभागावर घट्ट बसतो आणि ओरखडा पडला तरी स्वतःच परत तयार होतो.

बाजारात तीन नंबर ऐकू येतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दूध संकलन केंद्रातल्या बल्क कूलरची टाकी याचीच असते. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त पण गंजाला कमी तोंड देणारं. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतंच.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात. "बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे अस्सल माल!" हे अर्धसत्य आहे. ४३० ला चुंबक चिकटतं, पण ३०४ आणि २०२ या दोन्हींना चिकटत नाही. म्हणजे ज्या दोघांत फसवणूक होऊ शकते, त्यांच्यातला फरक चुंबक सांगतच नाही. त्यापेक्षा बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

३०४ म्हणजे अमर नव्हे. त्याचा शत्रू क्लोराइड. कालव्याच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारवट आहे. ते पाणी पत्र्यावर तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग पडतात आणि पुढे बारीक खड्डे. मीठ, लोणच्याचा खार सांडला तरी तेच. फरशीचं किंवा संडासाचं ॲसिड तर सिंकखाली ठेवूच नका, बाटली बंद असली तरी तिची वाफ स्टीलला खाते. आजी मीठ-लोणचं चिनीमातीच्या बरणीत ठेवायची. क्लोराइड हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण मीठ धातूला खातं हे पक्कं ठाऊक होतं.

पावडर कोटिंगचा कोपरा

स्टेनलेस परवडत नसेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा आणि त्यावर पावडर कोटिंग हा मधला मार्ग आहे. रंगाची कोरडी पावडर विद्युतभार देऊन पत्र्यावर उडवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवतात. थर ६० ते ८० मायक्रॉनचा, साधारण केसाच्या जाडीइतका. हवा तो रंग मिळतो. माझे वडील म्हणत होते, "पत्र्याची कपाटं लावली तर घर तलाठी ऑफिस वाटेल." रंगाचं कार्ड बघितल्यावर ते गप्प झाले.

पण एक मेख आहे. आतल्या खोल कोपऱ्यात विद्युतक्षेत्र पोचत नाही, त्यामुळे पावडर तिथे पातळ बसते. गंज सुरू होतो तो बहुधा तिथूनच. म्हणून कोटिंग तपासताना दारावर हात फिरवून उपयोग नाही. आत टॉर्च मारून कोपरे बघा. आणि कोटिंग झाल्यावर कोणी भोक पाडायला लागला तर त्याला थांबवा. सगळी भोकं आधी, कोटिंग नंतर.

तोटेही ऐका

लाकडाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. प्लायचं दार दोन इंच चुकलं तर सुतार तिथेच तासून देतो. पत्र्याचं चुकलं तर परत वर्कशॉपला! त्यासाठी शीअरिंग, बेंडिंग आणि आर्गन वेल्डिंग नीट करणारा माणूस लागतो. सुदैवाने आपल्याकडे बारामतीची एमआयडीसी आहे आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, जिथे साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसेसपर्यंत कामं झाली आहेत. पत्रा वळवणारे हात आपल्या भागात कमी नाहीत, फक्त त्यांना ट्रॉलीचं माप द्यायला हवं.

पत्र्याला पोचे पडतात, आवाज होतो, पहिला खर्च जास्त असतो. दोन गोष्टी तर जिवाच्या आहेत. एक, धातूमधून वीज वाहते. मिक्सरची वायर दारात चेमटली तर आख्खं कपाट लाइव्ह होऊ शकतं. घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी बसवा. दोन, सिलिंडर आत ठेवणार असाल तर दाराला तळाशी जाळी हवीच. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

मग काय करायचं?

आमच्या घरी ठरलं ते असं. ओट्याखाली, जिथे पाणी, ओल आणि वाळवी तिन्ही आहेत, तिथे ३०४ ची कपाटं, जमिनीपासून १०० मिमी उंच पायांवर आणि भिंतीपासून थोडी सुटी. कारण वाळवी स्टील खात नसली तरी त्याच्या आडून वर चढू शकते. मागची भिंत डोळ्यांना दिसली पाहिजे. वरची कोरडी कपाटं मात्र चांगल्या प्लायची, कडा नीट बंद केलेली. सगळंच धातूचं करायची गरज नाही. भिजणारं कुठे आणि कोरडं कुठे, एवढी रेघ मारली की निम्मा प्रश्न सुटतो.

तुमच्या घरी काम निघालं तर कोटेशन मागवण्याआधी हीच रेघ मारा. आणि रोज चार तास त्या ओट्यापाशी जी उभी राहते, तिच्या हातात पहिल्यांदा खडू द्या. कोणता डबा कुठे लागतो आणि पाणी कुठे सांडतं, हे तिच्याइतकं कोणत्याच इंजिनिअरला माहीत नसतं.