यकृताचा पत्ता

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात बीडचे नाव अनपेक्षित ठिकाणी सापडते. 2012 ते 2016 या काळात देशातल्या 28 नोंदणी केंद्रांनी जमवलेली ती आकडेवारी आहे. वयाचा फरक जमेस धरून काढलेले पुरुषांमधले कर्करोगाचे प्रमाण मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात सर्वांत जास्त, म्हणजे लाखामागे 269.4 निघाले. सर्वांत कमी, 39.5, निघाले ‘उस्मानाबाद आणि बीड’ या केंद्रात. स्त्रियांमध्येही तळाचा आकडा याच केंद्राचा होता, 49.4.

हा आकडा वाचून हायसे वाटते, पण तिथेच थांबता येत नाही. नोंदवहीत जातो तो निदान झालेला रुग्ण. यकृताचा कर्करोग तर निदानापासून लपण्यात पटाईत. यकृत बरेचसे निकामी झाले तरी कुरकुर न करता काम करत राहते. शेवटी पोट फुगते, पायांवर सूज येते, डोळे पिवळे होतात. मग घरचे म्हणतात, कावीळ झाली. मराठवाड्यात आजही कावीळ ‘उतरवून घ्यायला’ जाणारे पुष्कळ आहेत. त्यात आठवडे जातात आणि सोनोग्राफी होते तेव्हा गाठ चांगली मोठी झालेली असते. अशा रुग्णाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘कावीळ’ एवढेच लिहिले गेले, तर त्याचा कर्करोग कुठल्याच आकड्यात येत नाही.

गाठीची सुरुवात मात्र फार आधी झालेली असते. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, वर्षानुवर्षांची दारू, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारी यकृतातली चरबी, ओलसर जागी साठवलेल्या भुईमुगावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष, ही त्यामागची नेहमीची कारणे. यांतले एक किंवा अनेक मिळून यकृत आधी कडक करतात, त्याला सिरॉसिस म्हणतात, आणि बहुतेक वेळा अशा कडक यकृतातच पुढे कर्करोग रुजतो. म्हणजे डॉक्टरांपुढे एकाच अवयवात दोन आजार असतात. गाठ मारायची आहे, पण तिच्या भोवतीचे उरलेसुरले यकृत औषधाने दगावता कामा नये.

डॉक्सोरुबिसिन हे या लढाईतले जुने औषध. रंगाने लालभडक. सलाइनमधून ते हातात उतरू लागले की परिचारिका दर थोड्या वेळाने सुई नीट आहे ना ते पाहते, कारण शिरेबाहेर गळले तर कातडी आणि खालचे मांस जळते. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तर घाबरू नका, हेही रुग्णाला आधीच सांगून ठेवावे लागते. खरी भीती हृदयाची असते. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे एकूण मात्रा 450 ते 550 मिलिग्रॅमच्या घरात गेली की हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. गाठीला पुरेल इतके औषध द्यावे तर हृदय ते सोसत नाही.

यावर रुग्णालयांत रुळलेला एक मार्ग आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका शिरेतून मिळते, गाठ मात्र मुख्यतः यकृत धमनीच्या रक्तावर पोसली जाते. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवत धमनीच्या नेमक्या फांदीपर्यंत न्यायची, औषध तिथेच सोडायचे आणि मागून ती फांदी बंद करायची. उपाय चांगला आहे, पण त्याला कॅथ लॅब लागते आणि सरावलेला हात लागतो. तालुक्याच्या गावी हे दोन्ही मिळत नाही.

मग औषधालाच यकृताचा पत्ता लिहून दिला तर? नॅनोकणांचे संशोधन हाच प्रश्न विचारते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना मुळातच छिद्रे असतात, साधारण शंभर ते दीडशे नॅनोमीटरची. तेवढ्या आकाराचा कण त्यातून पलीकडे जाऊन थेट यकृतपेशीला भिडू शकतो.

पत्ता सापडला अपघातानेच. अमेरिकेत गिल्बर्ट ॲशवेल आणि अनातोल मॉरेल हे रक्तातल्या सेरुलोप्लाझमिन या प्रथिनाचा अभ्यास करत होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या प्रथिनावरच्या साखरेच्या साखळीचे टोक कापले आणि ते सशांना टोचले. एरवी रक्तात बराच काळ फिरणारे हे प्रथिन काही मिनिटांत नाहीसे झाले आणि यकृतात सापडले. टोक कापल्यावर गॅलॅक्टोज नावाची साखर उघडी पडली होती, आणि यकृतपेशीच्या पृष्ठभागावर नेमकी तीच साखर पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) होते. एकेका पेशीवर असे काही लाख ग्राहक असतात.

मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, पद्मा देवराजन यांच्या गटाने याच ग्राहकावर काम केले. त्यांचा कण पॉलिइथिलीन सेबॅकेट या पॉलिमरचा. त्यासाठी लागणारे सेबॅसिक आम्ल एरंडेल तेलापासून मिळते, आणि एरंड काय, बीडच्या बांधाबांधावर उगवतो. या कणात डॉक्सोरुबिसिन भरायचे आणि वरून पुलुलान किंवा अरॅबिनोगॅलॅक्टन या शर्करा-बहुलकांचा पत्ता चढवायचा. पुलुलान एका बुरशीपासून मिळते, अरॅबिनोगॅलॅक्टन लार्च वृक्षाच्या लाकडातून. 2010 मध्ये या गटाने यकृताकडे जाणाऱ्या अशा कणांवरचा निबंध प्रसिद्ध केला. 2017 मध्ये यकृताच्या कर्करोगासाठी ग्राहकलक्ष्यी डॉक्सोरुबिसिन कणांवरचा पुढचा निबंध आला. काम प्रयोगशाळेतले आहे, रुग्णांच्या खाटेपर्यंत ते अजून गेलेले नाही.

नॅनोऔषध बीडकरांना अगदीच परके नाही. मे 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत रुग्णांचे नातलग ज्या इंजेक्शनसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण फिरले, ते लायपोसोमल अँफोटेरिसिन होते. चरबीच्या सूक्ष्म कणांत कोंडलेले तेच जुने अँफोटेरिसिन, पण मूत्रपिंडाला पुष्कळ कमी त्रास देणारे. या प्रकारच्या औषधाचे भारतीय रूप घडवण्यात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात तेव्हा काम करणाऱ्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे नॅनोकणात औषध भरणे, ते इथे तयार करणे आणि सरकारी रुग्णालयात देणे, हे आपल्याकडे होऊन गेले आहे.

यकृताच्या गाठीपाशी मात्र गाडी अडली, आणि ती का अडली हे नीट पाहायला हवे. ब्रिटनमध्ये गॅलॅक्टोसॅमिनचा पत्ता लावलेले पॉलिमरबद्ध डॉक्सोरुबिसिन 31 रुग्णांना देण्यात आले, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. चोवीस तासांनंतर मात्रेतला सुमारे 17 टक्के भाग यकृतात होता. पत्ता चालला होता. पण गाठीपेक्षा निरोगी यकृतानेच औषध जास्त उचलले. तरीही दोन रुग्णांच्या गाठी आकसल्या आणि दीर्घकाळ आटोक्यात राहिल्या.

फ्रान्समध्ये पॅट्रिक कुव्रर यांच्या संशोधनातून आलेले लिव्हाटॅग हे नॅनोकण तर रुग्णांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. त्यांच्यावर साखरेचा पत्ता नव्हता, यकृत बाहेरचे कण आपणहून गोळा करते यावरच त्यांची भिस्त होती. आधीच्या टप्प्यात फुप्फुसांना इजा झाल्यामुळे औषध कित्येक तास सावकाश सोडावे लागे. 397 रुग्णांच्या चाचणीत नॅनोकण घेतलेल्यांचे मध्यम आयुष्य 9.1 महिने निघाले, इतर उपचार घेतलेल्यांचे 9.0. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर आलेला हा आकडा मन खट्टू करतो. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने 2016 मध्ये जुन्या प्रयोगांची झडती घेतली, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यम आकडा 0.7 टक्के निघाला.

पत्त्यातच एक अडचण आहे. गॅलॅक्टोज पकडणारा ग्राहक ही यकृतपेशीची ओळख, आणि कर्करोग जितका बिघडत जातो तितकी पेशी ही ओळख टाकून देते. गाठ लहान आणि पेशी अजून यकृतासारख्या असतील तर ग्राहक बऱ्याच अंशी शाबूत असतात. उशिरा सापडलेल्या गाठीवर ते विरळ होतात किंवा नाहीसेच होतात. 2019 पासून वापरात आलेली गिव्होसिरॅनसारखी औषधे याच ग्राहकावरून उत्तम काम करतात, कारण त्यांचे लक्ष्य न बदललेली यकृतपेशी असते. तेव्हा माटुंग्याचा कण उद्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झाला, तरी त्याचा खरा उपयोग गाठ लवकर सापडलेल्या माणसाला होणार. बीडसाठी नॅनोऔषधाचा प्रश्न इथे येऊन सोनोग्राफीचा प्रश्न बनतो.

किमतीचा प्रश्नही बाजूला सारता येत नाही. यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिब या गोळीचा महिन्याचा खर्च 2,80,428 रुपये होता. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तोच खर्च 8,880 रुपयांवर आला. प्रगत यकृत कर्करोगात ही गोळी मूळ चाचणीत मध्यम आयुष्य 7.9 वरून 10.7 महिन्यांवर नेते, त्याहून मोठा चमत्कार करत नाही. पण औषध कोणाच्या आवाक्यात आहे, हे ठरवणे माणसांच्या हाती असते, हे त्या आदेशाने दाखवून दिले. नव्या नॅनोकणाचे मोलही याच कसोटीवर ठरावे. 1974 मध्ये सुरू झालेल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात, कॅथ लॅबशिवाय, साध्या सलाइनमधून तो देता येईल का? येत असेल तर त्याच्यामागे पैसा लावावा. 2018 पासून याच रसायन तंत्रज्ञान संस्थेचे एक संकुल शेजारच्या जालन्यात आहे, अंबाजोगाईशी त्याची सांगड घालणे अवघड नाही.

तोवर करण्यासारखे काम हाताशी आहे. जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नवजात बाळाला जन्मानंतर 24 तासांत हिपॅटायटिस बीची लस मिळाली पाहिजे. ऊसतोडीच्या फडावर, पालात जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत ती चुकण्याची शक्यता मोठी. सिरॉसिस झालेल्यांची आणि हिपॅटायटिस बीच्या जोखमीच्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, जोडीला अल्फा फिटोप्रोटीनची रक्ततपासणी, असा जगभरचा प्रघात आहे. हे सहा महिने बीडच्या ऊसतोड मजुरांच्या वेळापत्रकात चपखल बसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयते निघतात, गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या गावी परततात. जाण्याआधी एक सोनोग्राफी आणि आल्यावर एक, एवढी सोय गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात झाली, तर ज्यांना धोका आहे त्यांची गाठ लहान असतानाच दिसेल.