हळदीची जात उभ्या पिकातच ओळखा

घनसावंगी परिसरातील हळद उत्पादकांनो, वसमतकडून बेणे आणणार असाल तर आधी उभे पीक पाहा. काढणीनंतर ढिगात जात ओळखणे अवघड. राजापुरीची पाने रुंद, फिकट हिरवी. हळकुंडे आखूड, जाड. कृष्णाची हळकुंडे लांब. वायगावच्या पानांना उग्र वास येतो आणि ती ७ ते ७.५ महिन्यांत तयार होते, सेलमला ८.५ ते ९ लागतात. या दोन्ही एकाच शेतात मिसळल्या की सेलम कच्ची निघते. (आंबेहळद ही तर वेगळी प्रजातीच.) हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी धरत नाही, लागवड गड्ड्यांनीच होते. त्यामुळे शिरलेली भेसळ दरवर्षी बेण्यातून पुढे जाते. पाने पिवळी पडण्याआधी वेगळ्या झाडांना खूण करा आणि त्यांचे गड्डे बेण्यासाठी ठेवू नका.