पाहुणा चित्रकार आणि घरचा

धुरंधरांचं नाव निघालं की शिवचरित्रावरची आणि पुराणांतली चित्रं आठवतात. पण रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) खरे रमले ते रस्त्यावरच्या आणि माजघरातल्या माणसांत. त्यांचं मोठेपण नीट कळावं म्हणून आधी एका अमेरिकन चित्रकाराकडे बघू.

एडविन लॉर्ड वीक्स १८४९ साली बोस्टनला जन्मला, पॅरिसमध्ये लिओं बॉना यांच्याकडे शिकला आणि तिथलाच झाला. १९०३ साली वारलाही तिथेच. १८८० नंतर तो अनेकदा हिंदुस्थानात आला. १८९२ साली इराणमार्गे येताना त्याचा सोबती, लेखक थिओडोर चाइल्ड, वाटेतच कॉलऱ्याने गेला. वीक्स मात्र पुढे आलाच. लाहोरच्या गल्लीतली उघड्यावरची खानावळ त्याने १८८९ साली रंगवली. तिथली धूळ, ऊन, कोरीव लाकूड बघून थक्क व्हावं. दगडावरचं ऊन तर त्याच्याइतकं फार थोड्यांना जमलं. माणसं मात्र उभी केल्यासारखी वाटतात. मोठे कॅनव्हास पॅरिसच्या स्टुडिओत पुरे व्हायचे, त्याचा तो परिणाम असावा.

धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, जातीने पाठारे प्रभू. १८९० साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, तिथेच मास्तर झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. पाठारे प्रभूंचं लग्न त्यांनी रंगवलं, त्यात कोण कुठे बसतं, पदर कुणाचा डोक्यावर, पगडी कुणाची कशी, हे सगळं घरच्या माणसाने सांगावं तसं येतं. तिथे विचारायला कुणाकडे जावं लागलं नव्हतं.

गंमत अशी की या घरच्या नजरेचं गिऱ्हाईक बरेचदा साहेबच. त्यांची चित्रं असलेलं ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांचं. ज्यांच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रं काढली ते सी. ए. किंकेड आणि ऑटो रॉथफील्ड हेही सिव्हिल सर्व्हिसमधलेच. रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’त धुरंधरांची ४८ रंगीत चित्रं आहेत, एकेका जातीच्या, प्रांताच्या बाईची. साहेबाला नमुने हवे होते. त्या मागणीचा शिक्का काही चित्रांवर दिसतो, आणि त्यांनी काढलेल्या नखरेल मोलकरणीच्या पोस्टकार्डांवर तर जरा जास्तच. त्याची सफाई देण्याचं कारण नाही. पोटाचा धंदा होता. पण साहेबाच्या मजकुरातला शेरा बाजूला ठेवून चित्रच पाहिलं, तर बहुतेक बायका नमुना म्हणून उभ्या नाहीत, आपल्या कामाला निघाल्या आहेत.

शहराच्या उत्तरेला, उपनगरात, खारला त्यांचं ‘अंबासदन’ होतं. मुलगी अंबिका हीसुद्धा जे. जे.त शिकलेली चित्रकार. वडिलांचा मोठा चित्रसंग्रह तिने पुढे जपला. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुहास बहुळकरांनी धुरंधरांचं मोठं प्रदर्शन मांडलं, तेव्हा ही रस्त्यावरची माणसं शिवरायांच्या दरबाराशेजारीच लागली होती.