जामीन नव्हे, ओळख

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला तो कादंबरीचे बाड घेऊनच. "मामा, त्या प्रकाशकांचे खाते तुमच्याच शाखेत होते ना? त्यांच्याकडे एक शब्द टाका," तो म्हणाला. दुकान सांभाळून पहाटे लिहिणाऱ्या या मुलाला नकार देणे अवघड होते. होकार देणेही सोपे नव्हते. त्याला कारण होते.

काही वर्षांपूर्वी चुलत वहिनींनी आपल्या आठवणी लिहून माझ्या हाती दिल्या. मी चार पाने चाळली आणि "छान आहे, छापून टाका" म्हणून मोकळा झालो. त्या शब्दावर विसंबून दादांनी मुदत ठेव मोडली आणि एका प्रकाशकाला पैसे देऊन हजार प्रती छापून घेतल्या. वितरणाचे आश्वासन तोंडीच होते. आज बहुतेक गठ्ठे वखारीत पोत्यांमागे पडून आहेत. वहिनींनी मला कधी दोष दिला नाही, हेच अधिक बोचते. कर्जाचे कागद न वाचता मी कधी सही केली नाही. घरच्या माणसाचे कागद मात्र न वाचताच मंजूर केले.

म्हणून भाच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि बाड संपूर्ण वाचले. मधला भाग फार लांबला होता. आजोबांच्या पेढीचे प्रकरण मात्र अस्सल होते. दोन्ही गोष्टी त्याला एकांतात सांगितल्या. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी वही घेऊन समोर बसला.

त्याला व्यवहारही समजावला. पुस्तकावर विश्वास असलेला प्रकाशक स्वतःचे भांडवल घालतो आणि लेखकाला मानधन देतो. जो लेखकाकडूनच खर्च घेतो, त्याचा ग्राहक वाचक नसून लेखक असतो. तो मार्ग निषिद्ध नाही. परंतु तो उघड्या डोळ्यांनी पत्करावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसल्यास ती 5 वर्षे मानली जाते. म्हणून प्रती, मानधन, मुदत आणि हिशेबाची तारीख करारात असावी. आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारची यंत्रणा विनामूल्य देते. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजनाही आहे.

त्यानंतरच प्रकाशकांना पत्र लिहिले : "हा माझा भाचा. हस्तलिखित आपल्या निकषांवर पाहावे. नकार दिलात तरी आपला स्नेह कायम राहील." ओळख करून देणे हे मामाचे काम, पुस्तकाचा जामीन मामा होऊ शकत नाही.

उत्तर अद्याप आलेले नाही. भाचा मधली पाने नव्याने लिहितो आहे. आणि मी? वहिनींचे पुस्तक अखेर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. परवा त्यांच्या घरी जाऊन, कोणते पान मनाला भिडले ते सांगून आलो. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी गठ्ठ्यांचा विषय स्वतःहून काढला, आणि एक प्रत माझ्या हातावर ठेवली.