दोन बादल्या, एक बाइक!

संडे सकाळचा खरा हिरो कोण? टीव्हीवरची मॅच? छे! खानदेशात तरी तो मान घरासमोर डबल स्टँडवर लावलेल्या बाइकचा. ऑफिस, बँक, एमआयडीसी, क्लायंट असं आठवडाभर तिने आपल्याला फिरवलेलं असतं. तिचा हप्ता दर महिन्याला आपल्याच अकाउंटमधून जातो. मग आठवड्यातला एक तास तिला दिला तर बिघडलं कुठे?

प्रॉब्लेम एवढाच, की आपण जळगाव-धुळ्यात राहतो. इथे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि नळाला पाणी येण्याच्या दिवसावर घराचं टाइमटेबल ठरतं. अशा गावात पाइप लावून बाइक धुणं म्हणजे शेजाऱ्यांच्या हंड्यावर डल्ला मारणंच. साध्या पाइपातूनही मिनिटाला 10-15 लिटर पाणी सहज जातं. 20 मिनिटं धार सुरू राहिली, तर 200-300 लिटर! माझे धुळ्याचे मामा अंगणात पाइप दिसला रे दिसला की ओरडतात, ‘पाणी जपीसन वापर रे भो!’ पाण्याची ही चिंता या भागाला नवी नाही. इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेल्या एम. विश्वेश्वरय्यांना 1884 मध्ये खानदेशात जे सुरुवातीचं काम मिळालं, तेही पाण्याचंच होतं. पांझरेच्या एका प्रवाहातून पाइप-सायफन टाकायचा!

मामांचं ऐकून मी गेली काही वर्षं दोनच बादल्यांत बाइक धुतोय. तिची चमक कमी झालेली नाही. कशी? वाचा.

आधी धूळ ओळखा

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जा. अंतर साधारण 90 किलोमीटर. जुना नॅशनल हायवे 6, म्हणजे आताचा 53. पोहोचेपर्यंत टाकीचा मूळ रंग कोणता, हा क्विझचा प्रश्न होतो. उन्हाळ्यात बारीक धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. ही माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते.

ही धूळ म्हणजे बारीक दगडाचा चुरा. ऑफिसला निघताना आपण घाईत तिच्यावर कोरडं फडकं मारतो, तेव्हा पॉलिश पेपरच घासत असतो. उन्हात टाकीवर दिसणारे गोल गोल ओरखडे असेच पडतात. म्हणून पहिला नियम: कोरड्या धुळीला हात लावू नका.

दोन बादल्यांचं गणित

वेळ सकाळी आठच्या आधीची किंवा ऊन उतरल्यावरची. जागा सावलीतली. फिरून आला असाल तर इंजिन अर्धा तास थंड होऊ द्या. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा (आणि नंतर आठवणीने काढा!).

एक बादली स्वच्छ पाण्याने भरलेली. दुसरी अर्धी, त्यात वाहनांसाठी मिळणारा शाम्पू. शेजारी थोडं पाणी घातलेलं घमेलं, स्पंज खळबळायला. कपड्यांची पावडर मात्र नको, ती मळासोबत वॅक्सचा थरही काढून टाकते. आधी मगाने थोडं थोडं पाणी सोडून धूळ फुगू द्या. मग वरून खाली या: टाकी, साइड पॅनेल, मडगार्ड. चाकांसाठी वेगळं फडकं. टाकीचा स्पंज चाकाला लावलात, तर तिथली वाळू पुढच्या वेळी टाकीवर घासली जाणार. शेवटी मगानेच धुऊन घ्या. सगळं मिळून 30 लिटरच्या आत काम होतं.

जोरदार फवाऱ्याचा मोह टाळा. त्या प्रेशरने पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि वायरिंगमध्ये शिरतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर बाइक उन्हात वाळवू नका. पाणी उडून जातं आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. मायक्रोफायबरच्या कापडाने लगेच टिपून घ्या.

चेन साफ करताना इंजिन बंदच हवं. चाक हातानेच फिरवा. चालू इंजिनवर फिरणाऱ्या चेनमध्ये फडकं अडकलं, तर सोबत बोटंही जातात. साफसफाईनंतर चेनला ल्युब्रिकंट लावायला विसरू नका.

पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं

आपण दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते रंगाचा अगदी पातळ थर घासून ओरखडे कमी करतात. त्यामुळे पॉलिश वर्षातून एक-दोनदा पुरे. वॅक्स उलट वरून थर चढवतं. म्हणून क्रम असा: धुणं, वाळवणं, गरज असेल तर पॉलिश आणि शेवटी वॅक्स. थोडंसंच घ्या, पातळ पसरवा, धुरकट झालं की स्वच्छ कापडाने पुसा. टाकीवर पाण्याचे मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर वॅक्स शाबूत आहे. पाणी सपाट पसरलं, तर पुन्हा लावायची वेळ झाली.

गंमत म्हणजे, नामांकित वॅक्समध्ये असणारं कार्नौबा ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून मिळतं. कडक उन्हात पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड हा मेणाचा थर तयार करतं. पाणी वाचवायला निर्माण झालेली वस्तू लावण्याआधी आपण 300 लिटर पाणी ओतायचं? नाही ना पटत?

दोन इशारे. तुमची बाइक मॅट फिनिशची असेल तर नेहमीचं पॉलिश-वॅक्स लावू नका, डाग पडल्यासारखी चमक येते आणि ती जात नाही. आणि वॅक्स सीटवर, टायरवर, फूटरेस्टवर, ब्रेकच्या डिस्कवर चुकूनही नको. तिथे घसरण म्हणजे थेट अपघात. धुतल्यानंतर पहिल्या वळणाआधी सावकाश दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा. ओले ब्रेक उशिरा लागतात.

चमक कशासाठी?

पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैल धुतले जातात. धुताना शेतकऱ्याचा हात खांद्यावरून, खुरांवरून फिरतो आणि कुठे जखम आहे, हे त्याला कळतं. बाइकचंही तसंच आहे. हाताने धुतली की ढिला झालेला नट, इंजिनखालचा तेलाचा ओघळ, टायरमधला काप आपोआप दिसतो. 90 किलोमीटरच्या हायवेवर तो काप घरीच सापडलेला बरा. रोज रात्री पारोळ्याकडून, भुसावळकडून अपडाउन करणाऱ्यांना हे सांगायला नको. विकताना चांगली किंमत येते, हा बोनस.

तेव्हा येत्या संडेला पाइप गुंडाळून ठेवा, दोन बादल्या भरा आणि तासभर मोबाइल घरातच राहू द्या. दुपारच्या भरीत-पुरीपर्यंत सगळं आटोपलेलं असेल!