ख्रिस्ती जीवनातील स्वतःची काळजी

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ६) म्हटले आहे. त्यामुळे ख्रिस्ती विचारात झोप, आहार आणि विश्रांती हे चोचले नसून देवाने सोपवलेल्या गोष्टीची राखण ठरते. एलीयाची कथा (१ राजे १९) इथे फार बोलकी आहे. जिवाला कंटाळून मरण मागणाऱ्या या संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. होरेब पर्वताची वाट त्यानंतरची. येशूनेही दमलेल्या शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६).

आजच्या धावपळीतही हेच लागू पडते. पनवेलहून हार्बर लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा एका बाजूचाच तासाहून अधिक वेळ प्रवासात जातो. त्याच्यासाठी रविवार उपासनेचा, तसाच शरीराच्या विसाव्याचाही. मात्र चर्चमधील सेवेनेच तो दिवस भरून गेला, तर विसावा नावापुरताच उरतो. गाडीतली मूक प्रार्थना, वेळेवर जेवण, रात्री मोबाइल दूर ठेवणे, एवढ्याने सुरुवात होते. औदासीन्य टिकून राहिल्यास डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे. शुभवर्तमानकार लूक स्वतः वैद्य होता.