मोबाइलांतील गणकयंत्र आणि शेताचा हिशेब

हल्लीं बहुतेक शेतकऱ्यांच्या खिशांत मोबाइल असतो आणि त्यांत निराळे पैसे न देतां एक गणकयंत्रही मिळतें. त्यास सर्वत्र कॅल्क्युलेटर म्हणतात. उंद्रीसारख्या गांवीं बियाण्याच्या दुकानीं, मजुरीच्या दिवशीं व चिखली-खामगांवच्या बाजारांत हिशेब आतां त्यावरच होतो. यंत्र सोयीचें आहे, ह्यांत वाद नाहीं. परंतु तें आपल्या मापांसाठीं केलेलें नाहीं. आणि जेथें त्याची रीत व आपली रीत जुळत नाहीं, तेथें तें चुकीचें उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणें देतें. अशीं ठिकाणें कोणतीं, हें वाचकांपुढें मांडणें हा ह्या लेखाचा हेतु आहे.

पहिलें व सर्वांत नुकसानीचें ठिकाण जमिनीचें क्षेत्र होय. महसुली दप्तरांत वर्षें घालविल्यामुळें ह्या चुकीशीं आमचा परिचय जुना आहे. एकराचे गुंठे ४०. यंत्र मात्र दशांश जाणतें. २ एकर १५ गुंठे शेत कोणी ‘२.१५’ असें दाबलें, तर यंत्राच्या लेखीं तें २ एकर ६ गुंठेच होतें. ९ गुंठे गेले! समजा, मक्ता एकरीं २०,००० रुपये ठरला. २.१५ नें गुणल्यास ४३,००० रुपये येतात. वास्तविक १५ ला ४० नें भागून .३७५ येतात, त्यांत २ मिळवून २.३७५ एकर होतात व मक्ता ४७,५०० रुपये होतो. ४,५०० रुपयांची तफावत एका टिंबानें पडली. सात-बाराच्या उताऱ्यावर हेक्टर व आर असतात. १०० आरांचा हेक्टर असल्यानें तेथें दशांश चालतो. १ हेक्टर म्हणजे सुमारें २.४७१ एकर, म्हणून वरील शेत उताऱ्यावर सुमारें ०.९६ हेक्टर दिसेल. कित्येक मोबाइलांत मापें बदलण्याचीही सोय असते; तींत एकर व हेक्टर आहेत, पण गुंठा आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. वजनांतही सावध असावें. ७ क्विंटल ५ किलो म्हणजे ७.०५, ७.५ दाबल्यास ४५ किलो माल वाढतो.

दुसरें ठिकाण क्रमाचें. सकाळीं १२ पोतीं व दुपारीं ५ पोतीं सोयाबीन मोजलें, दर पोत्यांत ६० किलो. १२ + ५ × ६० असें दाबल्यास दुकानांतील साधें बटणांचें यंत्र १,०२० किलो सांगतें आणि मोबाइल ३१२! मोबाइल गणितशास्त्राच्या नियमानें गुणाकार आधीं करतो. साधें यंत्र जसें दाबलें तसें करीत जातें. म्हणून बेरीज झाल्यावर बरोबरचें चिन्ह दाबावें आणि मगच गुणावें. मग दोन्ही यंत्रें एकच उत्तर देतील.

तिसरें ठिकाण शेकड्याच्या चिन्हाचें. ५०० + १०% ह्याचें उत्तर कोठें ५५० येतें, तर कोठें ५००.१. शिवाय सावकारी बोलींत ‘शेकडा दोन’ म्हणजे दरमहा दोन, अर्थात् वर्षास २४. बँकेचा दर वर्षाचा असतो. ५०,००० रुपयांवर ८ महिन्यांचें सरळव्याज शेकडा दोनप्रमाणें ८,००० रुपये होतें. वार्षिक ७ प्रमाणें सुमारें २,३३३ रुपये. दर महिन्याचा कीं वर्षाचा, हें यंत्र विचारीत नाहीं. तें आपणच विचारावें.

क्वचित् यंत्रही चुकतें. २०१७ सालीं ॲपल कंपनीच्या आयफोनांत १ + २ + ३ भराभर दाबल्यास ६ ऐवजीं २४ येत असे. घाईनें दाबलेलें अधिक चिन्ह गळून १ + २३ होई. त्याच वर्षाअखेर ती खोड दुरुस्त झाली. त्याच कंपनीच्या फोनांतील गणकयंत्रांत मागील हिशेबांची यादी २०२४ सालीं आली. इतर पुष्कळ फोनांत ती आधींपासून आहे. परंतु तींत नुसते आंकडे असतात. कोणता आंकडा बियाण्याचा व कोणता फवारणीचा, हें रोजकीर्दींतच कळतें.

यंत्र टाकून द्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पूर्वींच्या शाळांतून पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ करवीत; त्यामुळें उत्तर सुमारें किती यावें, हें मनास आधींच ठाऊक असे. तीच संवय राखावी. ४८ पोतीं दर ६२ किलो म्हणजे ५० × ६०, सुमारें ३,०००. यंत्रानें २,९७६ सांगितलें तर ठीक. ६२ च्या जागीं २६ दाबलें गेल्यास १,२४८ येतील व अंदाज ताबडतोब हटकील. येथें नवाचा ताळा मात्र उपयोगी पडत नाहीं. ६२ व २६ ह्या दोहोंचा ताळा ८ च!

म्हणून शेतकरी बंधूंनीं आधीं अंदाज करावा, मग यंत्र चालवावें आणि शेवटीं नांवनिशीवार वहींत उतरावें. आडत्याची हिशेबपट्टी व मक्त्याचा कागद हातीं घेतांना हा क्रम सोडूं नये. सहीनंतर चूक दाखविणें कठीण जातें. सहीपूर्वीं ती दोन मिनिटांत सांपडते.